मास्तरांचं ‘नाही’

“रक्त सकाळीच नेलंय,” मी डोळे न उघडताच म्हणाले.

“बरं झालं. मला रक्त नकोच आहे.”

आवाज अनोळखी होता. डोळे उघडले, तर बाबांच्या कॉटशी एक उंच, किडकिडीत माणूस उभा. काखेत चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा आणि अंगात असा ढगळ शर्ट, की त्याचे खांदे पार दंडावर उतरलेले. शिंप्याच्या मुलीला माणसाआधी शर्ट दिसतो, काय करणार!

“मग काय हवंय?”

“शब्द,” तो म्हणाला. “मिळतील तेवढे.”

तीन दिवसांपूर्वी बाबांच्या मेंदूत गुठळी झाली होती. उजवा हात जरा ढिला पडला, पण खरं नुकसान झालं ते बोलण्याचं. कळत सगळं होतं, तोंडातून मात्र एकच शब्द यायचा – ‘बटण’. पाणी म्हणजे बटण, उशी म्हणजे बटण, मीसुद्धा बटणच. मोठे डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते. बाबांच्या डोक्यावरून त्यांनी मला विचारलं होतं, “जेवतात का? ओळखतात का?” जणू बाबा म्हणजे कुणीतरी ठेवून गेलेलं गाठोडं. मी भराभर उत्तरं दिली. बाबा भिंतीकडे बघत राहिले.

या माणसानं स्टूल ओढलं आणि बाबांच्या डोळ्याला डोळा भिडेल इतका खाली बसला.

“नमस्कार. मी इथला स्पीच थेरपिस्ट. तुम्हाला काय म्हणून हाक मारू?”

“अहो, त्यांना बोलता येत–”

माझ्याकडे न बघताच त्यानं तळहात वर केला. “थांबा हं. मी त्यांना विचारलंय.”

माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. आल्या आल्या मलाच गप्प करतो!

“बटण,” बाबा म्हणाले.

तो थांबला. घड्याळ बघितलं नाही, फोन काढला नाही. मलाच अवघडल्यासारखं व्हायला लागलं. मग बाबांनी डावा हात हळूच उचलला, दोन बोटांची कात्री केली आणि हवेत कापड कापलं.

“टेलर? ...टेलर मास्तर! मग मास्तरच म्हणू ना?”

तीन दिवस सगळे त्यांना ‘सात नंबर’ म्हणत होते. बाबांनी मान हलवली आणि त्यांचे डोळे भरून आले. आता या माणसावर रागवावं की त्याचे आभार मानावेत, मला काही कळेना.

घरी सोडल्यावर आठवड्यातून दोनदा आम्ही त्याच्याकडे जायला लागलो. तळमजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला त्याची खोली. दवाखान्यातल्या मावशी त्याला ‘बाराखडी’ म्हणायच्या, म्हणून मीही मनातल्या मनात तेच म्हणू लागले. त्यानं बाबांपेक्षा मलाच जास्त शिकवलं. मास्तर शब्द शोधत असतील तेव्हा मध्ये पडायचं नाही, मनात दहा अंक मोजायचे. आणि बटणाच्या जोडीला आता कुठे यायला लागलेल्या त्यांच्या ‘हो-नाही’वर विसंबायचं नाही. हो म्हणायचं असताना नाही निघतं, नाही म्हणायचं असताना हो. म्हणून तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारायचा, नाहीतर हिरवं-लाल कार्ड पुढे करायचं.

“तुम्ही दहापर्यंत मोजता की चारपर्यंत?” एकदा त्यानं विचारलं.

“मला चारपर्यंतच येतं.”

“अरेरे... मग पाच ते दहाची वेगळी शिकवणी लावावी लागेल.”

“फी काय?”

“एक पूर्ण वाक्य. तुमचं स्वतःचं. मास्तरांबद्दलचं नको.”

दुकान, कटिंग, गिऱ्हाइकं, बाबांच्या गोळ्या... माझं असं एकही वाक्य मला आठवेना. तो मात्र वाट बघत राहिला. असं माझी वाट बघत कुणी कधी बसलंच नव्हतं. कान गरम झाले आणि मी उगाच बाबांची कॉलर सारखी करायला लागले.

पण पुढच्याच खेपेला आम्ही लवकर पोचलो आणि दार उघडं होतं. आत एक आजीबाई होत्या. तो तसाच वाकून बसला होता, तसाच थांबला होता, चेहऱ्यावर तेच हसू. म्हणजे हे माझं नव्हतंच. हे त्याचं कामच होतं! आणि आपण वेडाबाई, नाडी बघणाऱ्यानं हात धरला म्हणून लाजणाऱ्या...

त्या दिवशी बाहेर पडताना पाऊस होता. तो छत्री घेऊन टॅक्सीपर्यंत आला. छत्री बाबांवर, स्वतः अर्धा भिजत.

“आज तुम्ही बोलत का नाही?” त्यानं विचारलं.

“दहा मोजतेय.”

तो हसला. मग हसू मावळलं. “मला तुम्हाला एक...” पावसाचं पाणी त्याच्या भुवईवरून ओघळलं. “पुढच्या वेळी... वही आणा. रेघांची.”

रेघांची वही! रात्रभर मी त्या वहीचा अर्थ लावत बसले.

वही घेऊन गेलो तेव्हा त्यानं मला फाइल आणायला वर पाठवलं. परत आले, तर खोलीतली हवाच बदललेली. बाबा लालबुंद, हातवारे करत होते. “नाही! बटण... नाही, नाही!” आणि तो खाली मान घालून कार्डं गोळा करत होता.

“पुढच्या आठवड्यापासून मास्तरांना मॅडम बघतील,” तो म्हणाला. “शेजारची खोली. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.”

“का? आमचं काही चुकलं का?”

“छे, तुमचं काहीच नाही.”

“मग?”

तो कार्डंच मोजत राहिला. ज्या माणसानं मला थांबायला शिकवलं, त्याच्यापुढे मी खूप वेळ थांबले. काही आलं नाही.

दोन दिवस बाबा माझी बाही ओढत होते. दाराकडे बोट, माझ्याकडे बोट, “बटण, बटण.” मी मशीन चालवत “हो हो, कळलं बाबा,” म्हणत राहिले. कळलं डोंबल! मला नुसता राग आला होता, आणि तो कुणाचा तेही सांगता आलं नसतं. तिसऱ्यांदा ‘हो हो’ म्हटलं, तेव्हा बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते बघून मात्र माझे पाय थांबले. मोठे डॉक्टर आणि मी, फरक तो काय उरला?

मॅडमकडे जायच्या दिवशी बाबांनी टेप गळ्यात घातली. मी यावेळी विचारलं नाही, अडवलंही नाही. दवाखान्यात ते मॅडमचं दार ओलांडून थेट टोकाच्या खोलीत शिरले. बाराखडी कॉफी पीत होता. बाबांनी त्याला कोपराला धरून उभं केलं, टेपचं एक टोक त्याच्याच हातात दिलं आणि डाव्या हातानं त्याचा खांदा मापायला लागले.

तो हात पसरून उभा, तोंडाचा चंबू.

“लिही,” बाबा मला म्हणाले.

लिही! बटण नाही. लिही! मी रेघांची वही उघडली. टेपवरचा आकडा वाचून पहिल्याच रेघेवर लिहिला.

“मास्तर,” तो हळूच म्हणाला, “पण तुम्ही तर नाही म्हणालात.”

“कशाला नाही म्हणाले?” मी विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. “मी... म्हणजे असं, की मी उपचार करत असताना पेशंटच्या घरच्या माणसाशी... बरं नाही ते. म्हणून मास्तरांना म्हटलं, तुम्हाला मॅडमकडे देतो आणि मग तिला... तिला काही विचारलं तर चालेल का? ते ‘नाही’ म्हणाले. तीनदा.”

“आणि तुम्ही प्रश्न उलटा करून विचारलात?”

“...नाही.”

“कार्ड?”

“हातातच होती. घाबरलो होतो हो!”

हसू फुटणारच होतं, पण त्याच्या आधी डोळ्यांत पाणी आलं. “बाबांना विचारलंत, मॅडमना सांगितलंत. आणि मला? पहिल्या दिवशी मलाच गप्प केलं होतंत ना, की ज्याचं त्याला विचारायचं? मग माझं मला कोण विचारणार?”

टेप बाबांच्या हातून सुटून लोंबायला लागली.

“चुकलं,” तो म्हणाला. “साफ चुकलं.”

“आणि मला अजून काहीच कळत नाहीये. तुम्ही त्या आजीबाईंशीही असेच वागता. सगळ्यांशीच. मग माझ्याशी वेगळं काय?”

“त्यांच्यासमोर माझी बोलती बंद होत नाही,” तो म्हणाला. “दिवसभर लोकांना शब्द काढून देतो मी. तुम्ही आलात की माझेच सापडत नाहीत. वही कशाला आणायला सांगितली, ते मला अजून माहीत नाही.”

बाबांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग टेप गुंडाळून खिशात टाकली, शेजारच्या दारावर टकटक केलं आणि माझी वाट न बघता मॅडमकडे निघून गेले. दारही लावून घेतलं.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो, मध्ये ती रेघांची वही. पाऊण तास हातात होता. समोरून स्ट्रेचर गेलं, मावशी फरशी पुसत आल्या, आमच्याकडे बघून गालात हसल्या आणि पुढे गेल्या.

“कॉफी निवली असेल,” मी म्हणाले. “तुला दुसरी आणू?”

त्यानं झटकन मान वर केली. आपण ‘तुम्हाला’ऐवजी काय बोलून गेलो ते मला तेव्हा कळलं. शब्द मागे घेता आला असता. मी घेतला नाही.