रिकाम्या बेडचा चार्ज

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण ही माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. बरीचशी तिच्या तोंडून ऐकली. शेवटचा भाग मात्र मी माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

भुताची गोष्ट म्हटली की लोक अमावस्या आणि मध्यरात्र शोधायला लागतात. इथे तसलं काही नाही. भर दुपार होती. एका खाजगी हॉस्पिटलचा दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड, लख्ख उजेड आणि फिनाईलचा वास. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी रिव्हर्स घेत होतं, त्याचं पीप-पीप वरपर्यंत ऐकू येत होतं.

आधी ताईबद्दल सांगते.

ताईने नर्सिंगची डिग्री घेतली आणि लगेच तिचं लग्न झालं. मग मुलगी झाली, मग सासऱ्यांचं आजारपण, मग आज करू उद्या करू. डिग्री फ्रेम होऊन भिंतीवर गेली. सासूबाई तिच्यावरची धूळ पुसताना म्हणायच्या, "एवढं शिकून केलंस काय, तर फ्रेम." ताई हसायची, पण ते तिला आत कुठेतरी लागायचं.

आणि खरं सांगायचं तर तिला येत तरी काय होतं? कॉलेजात प्रॅक्टिकल म्हणजे एका बेडभोवती अख्खी बॅच. मागे उभं राहणारीला पेशंटचे फक्त पाय दिसायचे. इंजेक्शन दिलं ते रबराच्या हाताला. ताई लाजरी, कायम मागे उभी. जिवंत माणसाची नाडी तिने एकटीने कधी मोजलीच नव्हती.

माझंही तेच. मी तिच्याच कॉलेजची. पण माझं जाऊ द्या.

मुलगी शाळेत जायला लागली तशी ताईने नोकरी शोधायला सुरुवात केली. जिथे जाईल तिथे एकच प्रश्न, अनुभव किती? नाही म्हटलं की, "कळवतो हं." कळवलं कुणीच नाही.

शेवटी हात दिला तो तिच्या मोठ्या नणंदेने.

वन्सं त्याच घरात राहायच्या. लग्न केलं नव्हतं. हॉस्पिटलात सिनियर सिस्टर, बोलायला कडक. त्यांची एक सवय सगळ्या घराला पाठ होती. जेवता जेवता त्यांचा हात मध्येच थांबायचा. मान जराशी वाकडी करून त्या काहीतरी ऐकायच्या...

मग हळूच म्हणायच्या, "आले हं."

आणि ताटावरून उठून आतल्या खोलीत जायच्या. परत यायच्या तोवर ताटातलं गार झालेलं असायचं. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, बहिणीला चिडवायचे, "वाजली हिची घंटी. घरात तरी ड्यूटी सोड की." सगळे हसायचे. वन्सं कधीच हसल्या नाहीत.

तर एक दिवस त्याच म्हणाल्या, "वहिनी, आमच्या वॉर्डात जागा निघालीय. अनुभव नको. मी आहे ना."

सासूबाईंनी नाक मुरडलं, "या वयात?"

"आई, तू मध्ये बोलू नकोस. ती येणार."

ताईने मला फोन केला तेव्हा ती रडत होती. म्हणाली, नणंद असावी तर अशी. मला तर थोडा हेवाच वाटला तिचा. आपल्यासाठी असं कोण भांडतं हो?

पहिल्या दिवशी वन्संची सकाळची ड्यूटी होती, ताईची दुपारची. "पहिली शिफ्ट मी तुझ्यासोबत थांबेन," असं वन्संनी कबूल केलं होतं. तेवढ्या एका वाक्याच्या जोरावर ताई तिथे गेली होती.

आता एक गोष्ट नीट ऐका. ड्यूटी बदलते तेव्हा जाणारी सिस्टर येणारीला प्रत्येक बेडपाशी घेऊन जाते. पेशंट कोण, त्रास काय, कुठलं औषध राहिलंय, सगळं सांगते. येणारी म्हणते, "घेतला." की संपलं. तिथून पुढे तो पेशंट तिचा, त्याचं बरंवाईट तिचं. याला चार्ज घेणं म्हणतात.

वन्सं एकेक बेड दाखवत गेल्या. ताई "घेतला, घेतला" म्हणत मागे. फिरत फिरत दोघी शेवटच्या कोपऱ्यात आल्या. हिरवा पडदा अर्धा ओढलेला. वन्संनी तो बाजूला केला.

"आणि हा."

बेड रिकामा होता. चादर ताणून घातलेली, उशी गुळगुळीत.

"वन्सं, इथे कुणी नाहीये."

"घे."

"पण पेशंट..."

"नियम आहे इथला. म्हण, घेतला."

वन्संनी तिचं मनगट धरलं होतं. त्यांचा तळवा घामाने ओला झाला होता. ताईला वाटलं, असेल बाई नियम. नवख्या माणसाला सगळेच नियम वाटतात.

"घेतला," ती म्हणाली.

वन्संनी डोळे मिटले. कितीतरी वेळ श्वास रोखून धरलेल्या माणसाने सोडावा तसा श्वास सोडला. मग पर्स उचलली आणि निघाल्या.

"वन्सं, तुम्ही थांबणार होतात ना?"

त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

टेबलापाशी दुसरी एक जुनी सिस्टर बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं. ताईशी नजर मिळाली तशी तिने मान खाली घातली.

जेवणाच्या गाड्या गेल्या. नातेवाईक बाहेर गेले. पेशंट पेंगायला लागले. पंख्यांचा तेवढा आवाज...

आणि घंटी वाजली.

टेबलावरच्या बोर्डावर लाल दिवा लागला होता. कोपऱ्यातला बेड.

ताई गेली. कुणी नाही. घंटीचं बटण जागच्या जागी, हुकाला अडकवलेलं. वायर खराब असेल म्हणून तिने दिवा बंद केला आणि परत आली.

पुन्हा वाजली.

या वेळी उशीला खळगा पडला होता... डोकं टेकल्यासारखा.

तिने उशी सारखी केली, आणि हात तिथेच राहिला. उशी गरम होती. ऊन म्हणावं, तर खिडकी पार पलीकडच्या भिंतीला. दुसऱ्या कुठल्या पेशंटने अंग टाकलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. शेजारच्या बेडवर एक म्हातारी पेशंट होती. चष्मा काढून पडलेली.

"आजी, इथे कोण झोपलं होतं?"

"झोपलं होतं काय? झोपलीये की," आजी म्हणाल्या. "केव्हाची पाणी मागतेय बिचारी. द्या की जरा."

ताईने पुन्हा बेडकडे पाहिलं. रिकामाच.

तरीही एक सांगते, ती पळाली नाही. इतक्या वर्षांनी मिळालेली नोकरी होती, पहिल्याच दुपारी पळून घरी गेली असती तर सासूबाईंनी ती फ्रेम तिच्या डोक्यात घातली असती. तिने मनाशी म्हटलं, बेड रिकामा आहे, हे आपण हात लावून बघायचं. चादरीवरून तिने तळवा फिरवत नेला. गार... गार...

आणि मग बोटांखाली काहीतरी उडालं.

टक्... टक्... टक्...

नाडी होती ती. बारीक, घाईघाईने चाललेली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाची तरी नाडी एकटीने सापडली होती, आणि समोर बेडवर कुणी नव्हतं.

तिने हात मागे घेऊ पाहिला.

येईना.

कुणीतरी धरला होता. जोर नव्हता त्यात. आजारी माणूस आपल्या माणसाचा हात धरतं ना, जाऊ नको म्हणून... तसा.

सुटका कशी झाली ते तिला आठवत नाही. ती टेबलापाशी परत आली. ती जुनी सिस्टर वर न बघताच म्हणाली, "तू घेतला म्हणालीस ना? मग आता तुझं तू बघ. मी त्या बाजूला यायची नाही."

संध्याकाळी ताई घरी आली. कुणाला काय सांगणार? सगळे जेवायला बसले. वन्सं समोरच होत्या. निवांत जेवत होत्या. त्यांना असं शेवटपर्यंत एका जागी बसून जेवताना ताईने कधीच पाहिलं नव्हतं.

घास तोंडाशी नेला आणि ताईचा हात थांबला.

घंटी...

लांबून येत होती. पण घरातच होती.

बाकी सगळे जेवत होते. ताईने वन्संकडे पाहिलं.

"वन्सं... घंटी..."

"कसली घंटी?" वन्सं म्हणाल्या, आणि ताटात आणखी वाढून घेतलं.

"घ्या, आता हिचीही वाजायला लागली," भावोजी म्हणाले. सगळे हसले.

वन्संसुद्धा हसल्या. पहिल्यांदाच.

जेवणं आटोपल्यावर ताई त्यांच्या खोलीत गेली. वन्सं बॅग भरत होत्या. राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या होत्या, दुसऱ्या गावी खोलीसुद्धा बघून ठेवली होती.

"ते काय आहे तिथे?" ताईने विचारलं.

"एक बाई होती. ड्यूटी बदलताना गेली म्हणतात. जाणारी म्हणाली मी दिली, येणारी म्हणाली मी घेतलीच नाही. शेवटच्या वेळी तिच्यापाशी कुणी नव्हतं. खरंखोटं देव जाणे. मलाही कुणीतरी अशीच दिली. नवीन होते तेव्हा."

"मग मलाच का?"

वन्सं पातळाची घडी घालत राहिल्या. "जुनी सिस्टर पेशंट डोळ्यांनी बघितल्याशिवाय घेतला म्हणत नाही. कान धरून शिकवतात ते. तुला कुणी काही शिकवलंच नव्हतं."

तेव्हा ताईला कळलं. आईशी भांडून, शब्द टाकून, मी आहे ना म्हणून नेलं होतं ते तिच्यासाठी नव्हतंच. तिला काही येत नाही म्हणून नेलं होतं. गोड बोलून केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"एकदा सांगितलं असतंत तरी," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर घेतला असतास?" वन्सं म्हणाल्या. मग घडी बॅगेत ठेवत, "मलाही संसार करायचा होता गं."

त्या गेल्या. फोन नंबरही बदलला.

ताईने नोकरीवर जायचंच नाही असं ठरवलं. घरी बसली. घंटी वाजायची, ती कानात बोळे घालायची. एक-दोन दिवस असेच काढले. मग एका दुपारी तिची मुलगी शाळेतून येऊन झोपली होती. झोपेतच कुरकुरली, "आई, या काकूंना सरकायला सांग ना. मला जागाच नाही."

ताईने वळून पाहिलं.

मुलीच्या उशीशेजारी दुसरी उशी होती. तिला खळगा पडला होता.

ताई उठली, युनिफॉर्म चढवला आणि रिक्षा करून थेट वॉर्डात गेली. कोपऱ्यात जाऊन म्हणाली, "आले हं." त्यानंतर तिने सुट्टी म्हणून घेतलेली नाही. लग्नकार्य नाही, माहेरपण नाही. हात मात्र असा बसला म्हणतात की डॉक्टरसुद्धा तिलाच बोलावतात. कुणावर सराव झाला, ते मला विचारू नका.

हे सगळं तिने मला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. मध्येच हात थांबायचा, मान वाकडी व्हायची. जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "वन्संनी माझं केलं ते मी कुणाचं करणार नाही. मेले तरी नाही." आणि वर मला बजावलं, कुठे नोकरी लागलीच तर रिकामा बेड घेऊ नकोस.

माझा तिच्यावर देवासारखा विश्वास होता. लहानपणी एका ताटात जेवलोय आम्ही.

गेल्या महिन्यात दुपारी तिचा फोन आला. आवाज कधी नव्हे इतका मोकळा.

"काय गं, तुझी डिग्री अजून कपाटातच ना? आमच्या वॉर्डात जागा निघालीय. अनुभव नको. मी आहे ना."



"ताई," मी म्हटलं, "आणि तो कोपऱ्यातला बेड?"

पलीकडून पंख्यांचा आवाज येत होता...

"कुठला बेड?" ती म्हणाली.

मला म्हणाली. मला.

तेवढ्यात तिच्या मागे कुठेतरी घंटी वाजली. फोन तोंडापासून लांब गेला, आणि तिचा आवाज आला. थकलेला, पण मायेचा.

"आले हं..."

मी फोन ठेवला. तेव्हापासून तो रोज दुपारी वाजतो. मी उचलत नाही. पण तिचा नंबर ब्लॉकही केलेला नाही, कारण नोकरीची गरज मलाही आहे, आणि ते तिला चांगलं माहीत आहे.