उतरा म्हटल्यावर

पुण्याहून शेतकीची पदवी घेऊन इंदू बीदरला परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, निजामी गेली, आता झाडं वाचवायला माणसं नगरपालिकेत रांग लावतील आणि आपण त्यांची बाजू मांडू. मिळालं काय, तर डुगडुगणारं टेबल, झाडं तोडायच्या परवानगीच्या दरखास्तींचा ढीग आणि एक लोखंडी हातोडा. साल तासून ज्या बुंध्यावर या हातोड्याचा शिक्का उमटेल तेच झाड तोडायचं. शिक्का नाही तर कुऱ्हाड नाही. दोन महिन्यांत तिने एकही शिक्का मारला नव्हता.

"बाईसाहेब, हातोड्याला गंज चढायलाय," हेडक्लार्क नरहरराव म्हणायचे. "लोणचं घालायचं का त्याचं?"

मग मैलूरच्या रस्त्यावरच्या चिंचेचा कागद आला. रस्ता रुंद करायचा होता, आणि चार माणसांच्या कवेत न मावणारी ती चिंच आड येत होती. जाऊन पाहणी करायची आणि 'झाड राखावे' असं लिहायचं, हे इंदूने निघतानाच ठरवलं.

दिवस कलता ती पोचली. सोबत म्हातारा शिपाई काशप्पा, खांद्यावर हातोडा घेऊन. लाल माती अजून उकाडा ओकत होती. चिंचेखाली मात्र गार होतं, आणि वर्षानुवर्षं बंद असलेली खोली उघडावी तसा वास होता.

"अक्का, आधी इचारा लागतंय," काशप्पा म्हणाला. "वर जे कोन असंल त्यास्नी तीनदा 'उतरा' म्हनायचं. तुमीच म्हना. शिक्का तुमचा."

इंदूला ती रीत फार आवडली. झाडाला विचारणारी माणसं अजून आहेत तर. आपण शिक्का मारणारच नाही, हे काशप्पाला सांगायचंही तिला सुचलं नाही. मान वर करून तिने मोकळ्या आवाजात हाक दिली, "उतरा."

दुसऱ्या हाकेला पाखरं गप्प झाली. तिसऱ्या हाकेनंतर वरून कुणीतरी अगदी अदबीनं विचारलं,

"समदेच...?"

तिने काशप्पाकडे पाहिलं. तो कानात बोटं घालून खाली बघत होता. सालीवर पाय घासल्याचा आवाज आला. मग आणखी एक. म्हातारं माणूस जिन्यावर थांबत थांबत यावं, तसं काहीतरी फांदी धरत, दम खात खाली येत होतं. सालीचा भुगा तिच्या केसांवर पडला. धप्प... धप्प... बुंध्याशी कुणीच नव्हतं.

"किती उतरले?" काशप्पा कुजबुजला.

"मोजले नाहीत."

"ऱ्हाऊ द्या. मारा आता."

"शिक्का मारायचा नाही, काशप्पा. हे झाड मी राखणार आहे."

"मंग बोलावलाव कामून? घर मोडायचं नव्हतं, तर उतरा कामून म्हनलाव...? आता परत चढत न्हाईत ते. शिक्का बसला तर आपली आपली दुसरी झाडं धुंडत्यात. न्हाई बसला, तर ज्यानं बोलावलं त्याच्या मागं."

"असं काही नसतं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लहान वाटला.

ती खोलीवर परतली तेव्हा घरमालकीण चन्नव्वा दारात बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; माणूस ओळखायची ती पावलांवरून.

"पावणे आणलीस व्हय गं?" ती म्हणाली. "आधी सांगायचं न्हाई का. पीठ जास्तीचं मळलं असतं."

रात्रभर इंदू कंदील मोठा करून बसली. खोलीत चिंचेखालचा तोच वास होता. मधूनच भिंतीशी कुणीतरी खाकरायचं. जागा मागायला संकोचल्यासारखं. झाड वाचवावं तर हे असंच चालणार, रोज. आणि वाचवू नये, तर मग आपण इथे आलोच कशाला? पुण्यात शिकलेलं सगळं तिने मनातल्या मनात आठवून पाहिलं. त्यातलं काहीच इथे लागू पडत नव्हतं.

उजाडताच तिने 'झाड राखावे' लिहिलेला कागद फाडला आणि दार उघडलं. न बोलावता काशप्पा बाहेर उभा होता. तिने त्याच्या खांद्यावरचा हातोडा घेतला आणि मैलूरच्या वाटेला लागली.

मागून चन्नव्वाची हाक आली.

"इंदू, बाकीचे गेले बघ तुज्यासंगं. चुलीपाशी बसलेली ती बाई तेवढी उठंना झालीय... तिला काय सांगू?"