न जुळणारा श्वास

रविवारी सकाळी ‘जलांकुर’ बालजलतरण शाळेची ऑनलाइन नोंदणी उघडली, की चहा निवायच्या आत सगळ्या तुकड्या भरून जात. हेमलता कुंभारे नागपुरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये पडद्यासमोर बसून ते पाहत असे. तिला त्यात फारसं करायचं नसे. पालक मुलाचं नाव टाकत, यंत्रणा त्याला योग्य तुकडीत बसवी आणि ज्यांचं काही अडलं असेल त्यांना हेमलता उत्तरं लिही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला स्थायिक झाला होता. दिवसभरात तिच्याशी बोलणारी माणसं म्हणजे हे पालक, तेही लेखी. शाळेचा तलाव तिने कधी पाहिलाही नव्हता.

त्या उन्हाळ्यात एक नाव अडकून राहिलं. जुईली धोटे, वय आठ. दर रविवारी तिच्या नावापुढे तोच शेरा उमटे : ‘जुळणी नाही’.

‘मॅडम, या वेळी तरी?’ जुईलीच्या वडिलांचा निरोप येई. एकदा त्यांनी लिहिलं, ‘ती विचारते, मी सगळ्यांत वाईट पोहते का? अजून पाण्यात पायसुद्धा घातला नाही तिनं. काय सांगू?’

हेमलताने यंत्रणेचे जनक डॉ. दिगंबर ठवरे यांना फोन लावला. ते शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते.

“त्यात चूक कुणाचीच नाही,” ते म्हणाले. “मुलं एकत्र पोहू लागली की त्यांचे श्वास हळूहळू एका तालात येतात. याला आम्ही सहश्वसन म्हणतो. गळ्यातल्या पट्टीने प्रत्येक मुलाचा श्वासठसा घ्यायचा आणि जवळचे ठसे एका तुकडीत घालायचे. मग एकाला जमलं की बाकीच्यांनाही जमतं. शरीर शरीराकडून शिकतं, बाई.”

“आणि जिचा ठसा कुणाशीच जुळत नाही?”

“तिला तुकडीचा फायदा होणार नाही. मागे पडेल ती.”

“म्हणजे नुकसान झालंच तर तिचं एकटीचं. इतरांचं नाही?”

“इतरांचं नाही.”

हेमलताने फोन ठेवला आणि संध्याकाळच्या तुकडीत ऐनवेळी रिकाम्या झालेल्या जागी स्वतःच्या अधिकारात जुईलीचं नाव घातलं. यंत्रणेने कारण विचारलं. ‘जागा आहे,’ तिने लिहिलं.

जुईली खरोखरच मागे पडली. इतर मुलं माशांसारखी वळसे घेऊ लागली, तेव्हाही ती कडेची दांडी धरून पाय मारत होती. आणि एका संध्याकाळी, खोल भागात, एका मुलाच्या नाकातोंडात पाणी गेलं. तो घाबरला. दुसऱ्याच क्षणी सगळी तुकडी घाबरली. मुलं एकमेकांना धरून खाली ओढू लागली. प्रशिक्षक पराते सर पाण्यातच होते, पण ते जागच्या जागी धापा टाकत उभे राहिले, हात उचलेनात. जुईली तेवढी शांत होती. तिने दांडी धरून सरकत जाऊन भिंतीवरचा लाल खटका ओढला. तलावाचा तळ वर उचलला गेला आणि मुलं गुडघाभर पाण्यात खोकत, रडत बसली. सगळी वाचली.

दुसऱ्या दिवशी हेमलता पहिल्यांदा शाळेत गेली. कार्यालयात ठवरे पट्ट्यांचे आलेख पसरून बसले होते. चेहरा उतरलेला होता.

“श्वासासोबत भीतीही जुळते, हे माझ्या लक्षातच आलं नाही,” ते म्हणाले. “आणि हा परात्यांचा आलेख. वर्षभर या मुलांसोबत पोहून त्यांचा श्वासही मुलांसारखाच झालाय. ते भ्याले नाहीत, त्यांना मुलांच्या भीतीची लागण झाली.”

“मग जुईली?”

“ती विषम आहे. तिला त्यातलं काहीच पोचलं नाही.”

महिन्याभरात नियम झाला. प्रत्येक तुकडीत एक तरी विषमश्वासी मूल हवं, खटक्याजवळ. अशी मुलं अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जिला कुणी घेत नव्हतं, ती जुईली आता सगळ्यांना हवी झाली. तिच्या वडिलांचा निरोप आला, ‘मॅडम, पोरगी शाळेत मान वर करून जाते.’ हेमलताने तो दोनदा वाचला.

मग पडद्यावर नवा शेरा येऊ लागला. ‘धोटे जुईली. सम होत आहे. हलवा.’ हेमलता तिला दुसऱ्या तुकडीत हलवी. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. पहिल्या दोन वेळा तिने विचार केला नाही. तिसऱ्यांदा हलवल्यावर हेमलता शाळेत गेली असताना ओले केस पुसत जुईलीच तिच्यापाशी आली.

“तुम्हीच बुकिंगवाल्या काकू ना? मला सानिकाच्या बॅचमधून का काढलं? मी काही केलं का?”

“नाही गं. तू काय करणार?”

“आम्ही दोघी डबा वाटून खात होतो. म्हणून का?”

हेमलता तडक ठवऱ्यांकडे गेली.

“सानिकाशी मैत्री झाली आणि ठसा बदलला,” ठवरे म्हणाले. “साहजिक आहे. लळा लागला की श्वास जुळतोच.”

“म्हणजे तिला कुणी आपलं मिळालं, की मी तिला तिथून उठवायचं?”

“सहा मुलांच्या जिवासाठी, बाई. मलाही आवडत नाही हे.”

“मोठं माणूस चालणार नाही?”

“परात्यांचं काय झालं, पाहिलंत.”

“ते मुलांमध्ये रमले होते. मी कुणालाच ओळखत नाही.” तिने मान पुढे केली. “माझा ठसा तरी घ्या.”

त्यांनी पट्टी तिच्या गळ्याला लावली. आलेख उमटत गेला आणि ठवरे चष्मा काढून पुन्हा पाहू लागले.

“आमच्या नोंदींत इतका वेगळा श्वास नाही,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही घरी एकट्याच असता का?”

“हो,” हेमलता म्हणाली. “कधीपासून यायचं?”

जुईली सानिकाच्या तुकडीत परत गेली, कायमची. हेमलता तिथे खटक्याजवळ उभी राहू लागली, कमरेएवढ्या पाण्यात. पोहता येत नव्हतं. पहिले काही दिवस ती भिंतीला चिकटून असे. मुलं आधी बिचकली, मग सरावली. एकीने पडलेला दात दाखवला. सानिकाने तिला पाण्यात फुगे काढायला लावलं. “काकू, डोळे उघडे ठेवा, काही होत नाही,” जुईली सांगे. पावसाळा संपेस्तोवर हेमलता पाठीवर तरंगायला शिकली. त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना ती रिक्षात एकटीच हसत होती.

पुढच्या रविवारी ती चहा घेऊन पडद्यासमोर बसली. तुकड्या भरत होत्या. खाली एक शेरा होता.

‘कुंभारे हेमलता. सम. हलवा.’

थोड्या वेळाने ठवऱ्यांचा फोन आला.

“पाहिलंत?”

“पाहिलं.”

“पूर्ण जुळलाय. मी तीनदा तपासलं.” ते अडखळले. “खरं तर अभिनंदन करायला हवं तुमचं.”

“करू नका,” ती म्हणाली. “पण मी नाही हलले, तर दुपारच्या तुकडीत जुईलीला हलवावं लागेल ना?”

“हो. संध्याकाळच्या खटक्याजवळ आज नोंदलेलं एक विषमश्वासी मूल उभं राहील, पण दुपारी कुणीच नाही.” हेमलताने माउस पुढे ओढला. आपलं नाव सानिका आणि जुईलीच्या नावांखालून उचलून दुपारच्या तुकडीत ठेवलं. यंत्रणेने कारण विचारलं. ती रकाना रिकामाच ठेवून पुढे गेली.

दुपारचा तलाव वेगळाच दिसत होता. ऊन पाण्यावर सरळ पडलं होतं. अनोळखी सहा मुलं कडेला पाय सोडून बसली होती आणि तिच्याकडे टकामका पाहत होती. हेमलता शिडीवरून उतरली, खटक्याजवळ गेली आणि पाठ भिंतीला टेकवली. इथे कुणाची नावं विचारायची नाहीत, असं तिने रिक्षातच ठरवलं होतं. ती मुद्दाम दुसरीकडे पाहत राहिली.

पाणी सपसप वाजलं. कुणीतरी दांडी धरून सरकत तिच्याजवळ आलं होतं.

“मी पूर्वा,” ती मुलगी म्हणाली. “तुम्ही?”