तोंडातलं नाणं

बसा रे पोरांनो, ते धातू शोधायचं मशीन ठेवा खाली. कबरी कुठं पळून जात नाहीत. आधी आमच्या नाझ्झारेनोचं ऐका, मग खुशाल खणायला जा.

दोन नोव्हेंबर उजाडायची रात्र, मृतांची. नाझ्झारेनो आणि त्याचा मेहुणा इवो घाण्यावरून नवं तेल घेऊन व्हेत्राल्लाच्या रस्त्याने तीनचाकीतून परतत होते. घरी इवोची बहीण डेल्फिना, नववा महिना भरलेली, घरातल्या गेलेल्यांसाठी टेबलावर पाव आणि पाण्याचा पेला मांडून नवऱ्याची वाट पाहत होती. अकरा वर्षांनी पाळणा हलणार होता. नाझ्झारेनोचे पाय जमिनीवर नव्हते.

"दोन मिनिटं थांब," तो म्हणाला. ऑलिव्हच्या बागेत त्याला एक जुनी कबर लागली होती. परत आला तो तळहातावर सोन्याचं नाणं घेऊन. एका बाजूला सम्राटाचा दाढीवाला चेहरा. दुसरीकडे त्यालाच पाठीवर घेऊन स्वर्गात निघालेला गरुड.

"हे बाळाच्या नावचं!"

"कुठं होतं, दाजी?"

"कवटीच्या तोंडात. मेलेल्याचं पलीकडं जायचं भाडं. एवढ्या वर्षांत पोचला असेल की म्हातारा!"

वळणावर पोलिसांचा निळा दिवा दिसला. कबरीतलं सोनं सापडलं तर सरळ तुरुंग; नाझ्झारेनोने झटकन नाणं तोंडात टाकलं.

पोलिसाने टॉर्च मारला. आधी इवोवर, मग शेजारी.

"एकटाच आहेस?"

इवोला थट्टा वाटली. शेजारी नाझ्झारेनो गाल फुगवून बसला होता.

"जा. सांभाळून जा."

पुढं गेल्यावर इवो म्हणाला, "थुंका ते, दाजी."

नाझ्झारेनोने तोंडात बोटं घातली. खोकला. पुन्हा बोटं घातली. निघेना... त्याने इवोचा हात धरला. नाझ्झारेनोचा हात बर्फासारखा गार होता.

डेल्फिनाने दार उघडलं.

"एकटाच? नाझ्झारेनो कुठाय?"

तो तिच्या पुढ्यातच होता. तिच्या पोटावर हात ठेवून. रडत.

"ताई..."

"बोल ना इवो! कुठाय तो?"

इवोने पुन्हा पाहिलं.

कुणी नव्हतं.

बाग खणली, विहिरी उपसल्या. काही नाही. चार दिवसांनी मुलगी झाली. बापाने तिचं तोंड पाहिलं की नाही, देव जाणे.

पण त्या मृतांच्या रात्री डेल्फिना टेबलापाशीच बसून होती. दार बंद. उजाडलं तेव्हा पाव तसाच होता. पेल्याच्या तळाशी ते नाणं होतं. बाळाच्या नावचं. भाडं इथंच ठेवून गेला बिचारा... आता ना इकडचा, ना तिकडचा.

मी स्वतः हातात घेऊन पाहिलंय ते. एका बाजूला सम्राट होता. दुसरीकडे गरुडही होता.

गरुडाच्या पाठीवर कुणी नव्हतं.