बदामाच्या दुधावरची साय

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण माझा मामा थापा मारणाऱ्यातला नाही.

तो एका वेगन हॉटेलात आचारी होता. दूध नाही, अंडं नाही, लोणी नाही. "मग उरलं काय, पाणी?" असं आम्ही त्याला चिडवायचो. पण पाहुणे खूश असत. बोटं चाटत जेवायचे.

तक्रार एकच.

"जेवण झकास हो. पण वेगन म्हणवता आणि मागे वासरू बांधून ठेवता? सकाळपासून हंबरतंय बिचारं."

मागे तर काहीच नव्हतं. नुसती फरशी आणि वाळत घातलेल्या चादरी. पूर्वी कधीतरी तिथे गोठा होता म्हणे. मामाने ते हसण्यावारी नेलं.

एका रविवारी नाश्त्याला एक बाई आली, सोबत तिची छोटी मुलगी. त्या पोरीला दूध म्हणजे विष. चमचाभर पोटात गेलं तरी श्वास कोंडायचा.

"दादा, नक्की ना?"

"निर्धास्त राहा ताई. या दारातून दुधाचा थेंब आत येत नाही."

बदाम मामाने स्वतः वाटले, स्वतः गाळले, स्वतः तापवले. पोरीचा पेला भरून वेटरकडे दिला. उरलेलं पातेलं ओट्यावर ठेवून तो फळं चिरायला वळला...

आणि वासरू हंबरलं.

अगदी पाठीशी.

मामा गर्रकन वळला. कोणी नव्हतं. पातेल्यात मात्र...

साय धरली होती. जाड, पिवळसर साय.

बदामाच्या दुधावर अशी साय येत नाही. मामाने बोट बुडवून चाखलं. गाईचं दूध होतं. ताजं.

तो तसाच बाहेर धावला. पोरगी रिकामा पेला खाली ठेवत होती. ओठांवर पांढरी मिशी.

मग ते ओठ सुजायला लागले...

पोर वाचली, नशीब. सगळं स्वयंपाकघर उलथंपालथं केलं, दुधाचा थेंब सापडला नाही. पातेल्यातही बदामाचंच निघालं. दवाखान्यात तिची आई मामाला एवढंच म्हणाली, "तुम्ही शब्द दिला होता."



नोकरी सुटली. तेव्हापासून तो दुधाला शिवत नाही, कोरा चहा पितो. आज आमच्याकडे आला होता. मी कप पुढे केला. मामाने कपात डोकावून बघितलं.

"तूच केलास ना?"

"हो मामा. कोराच आहे."

चहावर साय धरली होती.

मी तो मोरीत ओतला आणि दुसरा केला. मामा न पिताच गेला. तो दुसरा कप अजून ओट्यावर आहे, बशीने झाकलेला...

बशी उचलायचा धीर होत नाही.