बरणीतला फेस

हे खरं घडलंय. मी कमी शिकलेला माणूस, रचून सांगायची अक्कल मला नाही. आणि ही रात्रीची गोष्टही नाही. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन.

मी एका प्रयोगशाळेत प्राण्यांच्या खोलीत कामाला आहे. बावीस वर्षं झाली.

काम काय ते आधी सांगतो. सशाला भूल द्यायची. नळीतून त्याच्या फुप्फुसात कोमट मीठपाणी सोडायचं आणि परत काढून घ्यायचं. फुप्फुसाला आतून एक बुळबुळीत थर असतो, त्यामुळे ते मिटून जात नाही. तो थर धुऊन काढायचा. फुप्फुस निकामी झालं, की तसाच थर औषध म्हणून आत घालायचा आणि ससा सुधारतो का ते बघायचं.

बाहेर आलेलं पाणी मी बरणीत धरतो. बरणी हलवतो. फेस आला, म्हणजे थर अजून उरलाय. प्रयोग करणाऱ्या मॅडम म्हणतात, "मामा, अजून एकदा."

फेस यायचा थांबला, की मी सांगतो, "फेस गेला."

त्या पाण्याचा कच्चा, कोमट वास हाताला चिकटतो. घास तोंडाशी नेला की नाकात शिरतो.

बायकोला त्याची शिसारी होती. दारातच अडवायची. "अहो, आधी हात!" मी धुऊन आलो की तळवे हुंगायची. "अजून एकदा. एवढा लळा आहे तर सशिणीशीच लग्न करायचं होतं!"

मग तिलाच न्यूमोनिया झाला. दोन्ही फुप्फुसं भरली.

मी डॉक्टरांना विचारलं, "आमच्याकडचं ते औषध हिला नाही का चालणार?"

"मोठ्या माणसांत त्याचा अजून भरवसा नाही," ते म्हणाले.

दवाखान्यात तिला भेटायची वेळ चारपर्यंत. त्या सोमवारी टेबलावर एक पांढरा ससा होता. सहावं धुणं झालं. मी बरणी हलवली. वर बोटभर फेस होता. घड्याळात साडेतीन वाजले होते.

मी म्हणालो, "फेस गेला."

खोटं बोललो. आणि हात न धुताच पळालो.

तिच्या तोंडावर मास्क होता. मी कपाळावर हात ठेवला. तिने डोळे उघडले, माझ्या हाताकडे बघितलं...

आणि तोंड फिरवलं.

पहाटे ती गेली.

दोन आठवड्यांनी कामावर गेलो, तो हा मंगळवार. नवे ससे यायचे होते, सगळे पिंजरे रिकामे. बरण्या धुऊन फळीवर पालथ्या घातलेल्या.

मी पिंजरे पुसत होतो. तेवढ्यात...

घर्र. घर्र.

ओला श्वास. नळी लावलेला ससा घेतो तसा.

वाकून एकेक पिंजरा बघितला. काहीच नव्हतं.

आवाज थांबला. मग वास आला. तोच, कच्चा, कोमट. मी मान वर केली...

फळीवरची शेवटची बरणी सुलटी होती. अर्धी भरलेली. गढूळ, गुलाबी पाणी. वरचा फेस अजून थरथरत होता.

मॅडम दारात आल्या. "मामा, ही कोणी भरली?"

"मी नाही."

"मग हलवली कोणी? फेस बघा तो!"

म्हणजे त्यांनाही दिसत होता.

मी बरणी बेसिनमध्ये ओतली. पाणी गेलं, फेस गेला नाही. थुंकीसारखा जाळीला चिकटून बसला. आणि माझ्या कानामागून...

"अजून एकदा."

मॅडम माझ्या समोर उभ्या होत्या. त्यांचे ओठ मिटलेले होते.

त्या दिवसापासून घरी नळाखाली हात धरला, की फेस येतो. पातळ, गुलाबी, बोटांच्या बेचक्यांतून. परवा मुलगी टॉवेल घेऊन आली. "बाबा, किती साबण लावताय?"

साबण कोरडाच होता. तिनेही तो बघितला. टॉवेल खुर्चीवर ठेवला, माझ्या हातात दिला नाही.

एकदा "फेस गेला" म्हटलं, तर हे थांबेल असं वाटतं. तोंडापर्यंत येतं, पण म्हणवत नाही. बायकोकडे पळायच्या घाईत तेच मी खोटं बोललो होतो.

आता खरंच गेला, तरी तिला कसं पटायचं?