डावा कान

हेल्मेटमध्ये ऐकण्यासाठी कोणता सेट बसवायचा, हा विषय आमच्या घरात हिवाळाभर चघळला गेला. यांचं देवगाव फाट्यावर गॅरेज आहे. मी सेलूच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. यांना नाद गाडीच्या शर्यतींचा. या शर्यती पीक निघालेल्या रानात, काळ्या मातीवर होतात. गाडी हे चालवतात आणि मी उंच बांधावर उभी राहून वायरलेसवर पुढचं वळण सांगते, कारण धुळीत यांना बोनेटच्या पुढचं काही दिसत नाही. मी बोललेलं ऐकू आलं नाही, तर गाडी कुठेही जाऊ शकते. सेट निवडणं म्हणजे हौस नव्हती.

त्यात यांचा डावा कान लहानपणी गालगुंडात गेलेला. परभणीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की तिकडची नस मेली आहे, काही उपयोग नाही. म्हणून माझं म्हणणं, उजव्या कानात घट्ट बसणारा एकच इअरफोन घ्या. यांना हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना बसणारे स्पीकर हवे होते. का, तर दोन्हीकडे खाचा आहेत, एक रिकामी बरी दिसत नाही! शेवटी दोन्ही सेट मागवले. वापरून बघू म्हटलं. मला वाद घालायचा कंटाळा आला होता.

वायरलेसवर आधी ड्रायव्हरचं नाव घ्यायचं आणि मग निरोप द्यायचा, अशी पद्धत आहे. मी नुसतं "ऐका" म्हणते. यांचं नाव मी लग्नात, उखाण्यात घेतलं तेवढंच. वर्गात जडत्वाचा नियम शिकवते, पण माझ्या जिभेचं हे जडत्व काही हलत नाही. शर्यतीतली मंडळी हसतात. हसू देत.

पहिल्यांदा दोन स्पीकरचा सेट लावला. तूर काढलेल्या रानात चुन्याने आखलेला रस्ता होता. मी "ऐका, डावीकडे" म्हणायला बटण दाबलं, तोवर गाडी वळलीसुद्धा होती. पुढच्या वळणालाही तेच.

"आज लय वेळेवर सांगायलीस," हे उतरल्यावर म्हणाले.

"मी बोलायच्या आधीच वळलात तुमी."

"डाव्या कानात आधी आलं की. उजव्यात मागून येतंय."

"डाव्या कानात?"

यांनी मान हलवली आणि पाणी प्यायला निघून गेले. माणूस किती साधेपणाने असं काही सांगू शकतो!

मी तारा तपासल्या. स्पीकरची अदलाबदल केली. दुसरा वायरलेस आणला. ध्वनी कवटीच्या हाडातून पलीकडच्या कानापर्यंत जातो, हे मी दरवर्षी शिकवते. पण तो आधी कसा पोचेल? मी कुणाला विचारलं नाही. कॉलेज, घर आणि रान यांतच माझी ताकद संपत होती.

मग एकदा हे सरळ रस्त्यावर मध्येच करकचून थांबले. मला राग आला. तेवढ्यात बाभळीमागून एक बैलगाडी रस्त्यात आली आणि मी जिवाच्या आकांताने "थांबा!" ओरडले. गाडी कधीच थांबलेली होती.

"आता हाच सेट," हे म्हणाले. "जीव वाचवायलाय हा."

मी इअरफोनचा सेट खोक्यातच राहू दिला.

पुढच्या सरावाला यांनी दुपारीच विचारलं, "दूध उतू गेलं, असं काय म्हणायलीस मधीच? कुठलं दूध?"

मी तसलं काही बोलले नव्हते. संध्याकाळी स्वयंपाकघरात सासूबाईंशी बोलता बोलता माझं लक्ष गेलं. "अगंबाई, दूध उतू गेलं," मी म्हणाले, आणि गॅस बंद करून तशीच ओट्याला धरून उभी राहिले. मला खूप भीती वाटली. आधी एका वळणाचं अंतर होतं. आता दुपारपासून संध्याकाळपर्यंतचं झालं होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी हे आंघोळीला गेले, तेव्हा मी स्क्रू काढून डावा स्पीकर उचकटला, त्याची तार कापली आणि तो धान्याच्या डब्यात खोल पुरला. उजव्या बाजूला इअरफोन जोडला.

"आदिनाथा, ऊन व्हायच्या आत जाऊन या बाबा," बायनाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवरून म्हणाल्या.

यांनी हेल्मेट हातात घेऊन रिकामी खाच पाहिली. रागावले नाहीत. "बरं, तू म्हणशील तसं," म्हणाले.

माझा घसा सकाळपासून बसला होता. कॉलेजला सुट्टी होती, सर्दी नव्हती, मी कुणावर आवाज चढवला नव्हता. त्या शेवटच्या सरावात बसक्या आवाजातच मी वळणं सांगितली. गाडी प्रत्येक वळण माझ्यामागून घेत होती, जराही आधी नाही. मला हायसं वाटलं. रडूच यायचं बाकी होतं.

हे उतरले. हेल्मेट काढलं. डाव्या कानात करंगळी घालून हलवत राहिले.

"स्पीकर काढलास ना?"

"हो."

"मग ऐकू कसं यायलंय?"

मी हेल्मेटच्या रिकाम्या खाचेवरून बोट फिरवलं.

"आज वळणं न्हाई सांगितलीस तिकडं. नाव घ्यायलीस माझं." हे हसले. लाजल्यासारखे. "इतक्या वर्षांनी. नुसतं नाव. परत परत."

"पुढं?"

"पुढं काही न्हाई. मी ओ देत न्हाई ना, म्हणून परत हाक मारायलीस."

वारा पडला होता. गाडीचं इंजिन गार होताना टिकटिक करत होतं.

उद्या गाडी काढू नका, एवढंच मला म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. दिवसभर कुणाला तरी हाका मारून मारून बसावा, तसा घसा पुरता बसला होता.